वजनकाट्याचा दाखला

ज्या घरांत चाळिशी ओलांडलेलीं दोन माणसें आहेत त्या घरांत आजकाल आरोग्यतपासणीचा एखादा कागद हटकून सांपडतो. कचेरीच्या खर्चानें, विम्याच्या निमित्तानें, किंवा शेजाऱ्यांनीं केली म्हणून आपणही करवून घेतलेल्या ह्या तपासणीचा कागद आपण वाचीत नाहीं. त्यांत आपण एकच शब्द शोधीत असतों. तो शब्द 'योग्य'. वजन योग्य, असें एकदां छापून आलें कीं कागद कपाटांत जातो आणि त्याच्याबरोबर पुढल्या वर्षाची काळजीही कपाटांत जाते. ह्या 'योग्य' शब्दाशीं माझें भांडण आहे, आणि तें भांडण केवळ शब्दार्थाचें असतें तर मासिकाचीं पानें मीं त्यासाठीं अडविलीं नसतीं.

माझ्या मावसभावाची उंची ५ फूट ६ इंच व वजन ६३ किलो. किलोंतल्या वजनाला मीटरांतल्या उंचीच्या वर्गानें भागून जो आकडा काढतात, आणि ज्याला हल्लीं शाळकरी मुलेंसुद्धां बी. एम्. आय्. ह्या नांवानें ओळखतात, तो आकडा त्याच्या बाबतींत २२.४ येई. १८.५ पासून २५ पर्यंत ही सर्वत्र छापलेली मर्यादा. तींत तो आरामांत बसत होता. कचेरीनें नेमून दिलेल्या तपासणी-केंद्रानें त्याला सलग तीन वर्षें 'वजन योग्य' असा दाखला दिला. रक्ताची तपासणी तेथें ऐच्छिक होती, तिचे पैसे निराळे पडत, "वजन योग्य आहे, मग रक्त कशाला?" असें म्हणून त्यानें ती तिन्ही वेळां टाळली, आणि केंद्रांतल्या कोणींही त्याला दुसरा शब्द बोलला नाहीं. त्याच तीन वर्षांत त्याच्या पँटी मात्र दर दिवाळीला शिंप्याकडे कंबर सैल करून घेण्यासाठीं जात होत्या. त्याची कंबर ३७ इंचांवर गेली होती, हें त्याच्या शिंप्याला ठाऊक होतें, त्याच्या पत्नीला ठाऊक होतें. वैद्यकाच्या कागदावर तिचा उल्लेख कोठेंच नव्हता. वयाच्या ४८ व्या वर्षीं एके सकाळीं दाढी करीत असतां त्याच्या छातींत कळ आली. तो वांचला, परंतु हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला, आणि दोन जिने चढून घरीं येणें हा आतां त्याचा दिवसाचा मोठा पराक्रम आहे. इस्पितळांत त्याची साखर मोजली तेव्हां मधुमेह बराच जुना असल्याचें निघालें. माझी मावशी त्या दिवशीं इस्पितळाच्या बांकावर बसून एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारीत होती : "अरे, पण त्याचें वजन तर बरोबर होतें ना रे?"

एका उदाहरणानें सिद्धान्त होत नाहीं, हें मी जाणतों. पण मावशीच्या प्रश्नाला उत्तर देणें प्राप्त आहे, आणि तें उत्तर देण्यासाठीं हा 'योग्य' शब्द आला कोठून हें पाहिलें पाहिजे.

ह्या सूत्राची वंशावळ मोठी मौजेची आहे. तें वैद्याच्या घरचें नव्हे, ज्योतिषाच्या घरचें आहे. अॅडोल्फ केतले हा बेल्जममधील गणिती आणि ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा संचालक. ग्रहताऱ्यांचे वेध घेतांना होणाऱ्या चुका एका मध्याभोंवतीं कशा गोळा होतात हें ज्याला रोज दिसत होतें, त्याला माणसेंही तशींच एका मध्याभोंवतीं गोळा होतात कीं काय हें पाहण्याची हौस वाटली. त्यानें ५,७३८ स्कॉटिश शिपायांच्या छातींचीं मापें तपासलीं आणि त्यांत तीच रचना त्याला आढळली. प्रौढ माणसांत वजन हें साधारणपणें उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, असें त्यानें १८३२ च्या सुमारास दाखविलें, आणि १८३५ च्या आपल्या ग्रंथांत 'सरासरी मनुष्य' नांवाची एक काल्पनिक व्यक्ति जगापुढें उभी केली. ह्या साऱ्या खटाटोपांत हृदय नाहीं, चरबी नाहीं, रोग नाहीं. केतलेला एकट्यादुकट्या माणसाविषयीं कांहींच सांगावयाचें नव्हतें. त्याला समाजाविषयीं सांगावयाचें होतें. गांवची सरासरी चप्पल सात नंबरची म्हणून प्रत्येकाच्या पायांत सात नंबर चढविणाऱ्या चांभाराला आपण वेडा म्हणूं. केतलेनें तसलें दुकान कधीं थाटलें नव्हतें.

तें थाटलें विमा कंपन्यांनीं. अमेरिकेंतील मेट्रोपॉलिटन लाइफ ह्या कंपनीनें १९४२-४३ सालीं 'आदर्श' वजनांचीं आणि १९५९ सालीं 'इष्ट' वजनांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत बारीक, मध्यम व जाड हाडाच्या माणसांसाठीं निरनिराळे रकाने होते. परंतु आपलें हाड बारीक कीं जाड हें ठरवावें कसें, हें मात्र कोष्टक सांगत नव्हतें! विमेदारानें आपल्या सोयीचा रकाना निवडावा आणि समाधानानें झोपावें. ह्या गोंधळास कंटाळून अॅन्सेल कीज ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं निरनिराळीं सूत्रें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, केतलेचें जुनें सूत्र त्यांतल्या त्यांत बरें ठरविलें, आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हें नवें नांव दिलें. त्यासाठीं त्यांनीं पांच देशांतील सात हजारांहून अधिक लोक तपासले. ते सर्व पुरुष होते. स्त्री त्यांत एकही नव्हती, आणि भारतांतला गटही एकही नव्हता. कीजचा दावासुद्धां बेताचा होता. हें माप पुरेसें समाधानकारक नाहीं, पण उंची-वजनावरून काढतां येणाऱ्या इतर कोणत्याही मापापेक्षां वाईट नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें. अशा बेताच्या दाव्याचा पुढें कायदा झाला.

कायदा म्हणतों तो उगीच नव्हे. १९९८ सालीं अमेरिकेंत 'अधिक वजना'ची मर्यादा २७ च्या पुढून २५ वर आणली, तेव्हां लक्षावधि लोक आदल्या रात्रीं निरोगी झोपले आणि सकाळीं स्थूल होऊन उठले. मधल्या काळांत त्यांनीं एक घांसही अधिक खाल्ला नव्हता. पुढें २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं मान्य केलें कीं, आशियांतील लोकांना ह्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडेच धोका सुरू होतो, आणि २३ हा आकडा सावधगिरीसाठीं सुचविला. भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं तोच स्वीकारला. सुधारणा स्वागतार्ह खरी. पण माझ्या मावसभावाचा आकडा २२.४ होता हें वाचकांनीं विसरूं नये. ह्या सुधारलेल्या मर्यादेनेंही तो 'योग्य'च ठरतो. मोजपट्टीवरची खूण सरकवून भागत नाहीं, तेव्हां मोजपट्टीच भलत्या वस्तूवर धरली आहे असा संशय घेणें भाग आहे.

काटा खोटें बोलत नाहीं. त्याला जें विचारलें नाहीं तें तो सांगत नाहीं, इतकेंच. तो भार सांगतो. भार कशाचा, हें त्याला ठाऊक नाहीं. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका मारून कमावलेला पैलवान आणि दिवसभर खुर्चींत बसून सायंकाळीं खारी-बिस्किटें खाणारा गृहस्थ हे दोघे एका उंचीचे व एका वजनाचे असूं शकतात. काटा दोघांना एकच पावती देतो. एकाच्या अंगावर स्नायु आहेत, दुसऱ्याच्या पोटांत चरबी आहे. ज्या पैलवानानें तालीम सोडली पण खुराक सोडला नाहीं त्याचें वजन कित्येकदां होतें तेवढेंच राहतें, आणि भार दंडमांड्यांतून उतरून कमरेभोंवतीं येऊन बसतो. काटा त्या स्थलांतराची नोंद घेत नाहीं.

आणि खरें मर्म ह्या स्थलांतरांत आहे. फ्रान्समध्यें मार्सेय शहरीं झां व्हाग नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं १९४७ सालींच हें निरीक्षण मांडलें कीं, सर्व लठ्ठपणा सारखा नसतो. ज्यांची चरबी नितंब-मांड्यांवर सांठते त्यांना ती चालण्याफिरण्यास जड होते; ज्यांची धडाच्या वरच्या भागावर सांठते त्यांनाच मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक गांठतात. पहिली ठेवण बहुधा स्त्रियांची, दुसरी पुरुषांची. ह्या निरीक्षणाकडे बराच काळ कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १९८४ सालीं स्वीडनमधील गोटेबर्ग शहरांतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९१३ सालीं जन्मलेल्या ७९२ पुरुषांचीं मापें त्यांच्या ५४ व्या वर्षीं घेऊन ठेवलीं होतीं. पुढें तेरा वर्षांत कोणाला हृदयविकार झाला आणि कोणाला अर्धांगवायु, हें पाहिलें. बी. एम्. आय्. कडून कांहीं उलगडा होईना. कमरेचा घेर आणि नितंबांचा घेर ह्यांचें प्रमाण मात्र बोलूं लागलें : कंबर जितकी नितंबांच्या मानानें मोठी, तितका धोका मोठा.

असें कां व्हावें? कातडीखालची चरबी आणि पोटाच्या पोकळींत आंतड्यांभोंवतीं सांठणारी चरबी ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. मांडीवरची चरबी सावकाराच्या तिजोरींतल्या जुन्या ठेवीसारखी स्वस्थ पडून राहते. पोटांतली चरबी चंचल. तिच्यांतून मेदाम्लें सारखीं सुटत असतात, आणि तेथलें रक्त सबंध शरीर हिंडून न येतां थेट यकृतांत जातें. यकृत ह्या पुरवठ्यानें बेजार होऊन रक्तांत जास्त मेद सोडतें आणि इन्शुलिनला दाद देईनासें होतें; साखर चढते, रक्तदाब चढतो, आणि हृदयाच्या वाहिन्यांत थर बसूं लागतात. हा सारा व्यवहार चालूं असतांना बाहेरून मनुष्य सडपातळच दिसत असेल. हातपाय काडीसारखे, आणि सदऱ्याचीं खालचीं दोन बटनें तेवढीं ताणलेलीं! अशा मनुष्याला आपल्या घरांत 'अंगानें हडकुळाच आहे हो' म्हणून वर आणखी साजूक तुपाची धार वाढण्याची पद्धत आहे.

ह्याविषयीं कोणास अजून शंका असेल तर त्यानें इंटरहार्ट हा अभ्यास पहावा. ५२ देशांतील २७,०९८ माणसें त्यांत होतीं. त्यांपैकीं १२,४६१ जणांना हृदयविकाराचा पहिला झटका आलेला होता. त्याचे प्रमुख सलीम यूसुफ हे मूळचे केरळचे, बंगलोरास शिकलेले. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें झटक्याशीं बी. एम्. आय्. चा संबंध बेताचा निघाला, व कंबर-नितंबांचें प्रमाण हिशेबांत घेतांच तो आणखी फिका पडला; त्या प्रमाणाचा संबंध मात्र निरनिराळ्या वंशांत व दोन्ही लिंगांत ठळकपणें टिकून राहिला. त्याच सामग्रीवरून पुढें असेंही दिसून आलें कीं, दक्षिण आशियांतील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो, इतरांना ५८.८ व्या वर्षीं. जवळजवळ सहा वर्षें! मुलीचें लग्न, घराचे हप्ते, मुलाचें शिक्षण, सारें ह्याच सहा वर्षांत असतें.

पण ह्या विषयांतलें सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगें काम ना स्वीडनमध्यें झालें ना कॅनडांत. तें पुण्यास झालें. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं अर्भकें ह्यांचा जो अभ्यास १९९३ पासून चालविला, त्यांत नुकत्या जन्मलेल्या मुलांचीं मापें इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या मुलांशीं ताडून पाहिलीं. आमचें मूल सरासरी २.७ किलोंचें, त्यांचें ३.५ किलोंचें. आमच्या मुलाचे दंड बारीक, पोटांतले अवयव लहान, सर्वच कमी. पण खांद्याच्या फऱ्याखालीं कातडीची चिमूट धरून जाडी मोजली तेव्हां असें आढळलें कीं, तेवढ्या एका ठिकाणीं आमचें मूल फारसें मागें नाहीं. हाडामांसाची काटकसर झाली होती. चरबीची झाली नव्हती. याज्ञिकांनीं ह्या मुलाला 'कृश-स्थूल' असें नांव दिलें, आणि तें आतां जगभर चालतें. ज्यांचा जन्म अशा घडणीनें झाला त्यांनीं पुढें शहरांत येऊन पोटभर खाल्लें, बसून काम केलें, कीं वजन 'योग्य' राहूनही चरबी आपला हक्क वसूल करिते.

हेंच त्यांनीं स्वतःच्या देहावर दाखविलें. २००४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत याज्ञिक व त्यांचे लंडनचे मित्र युडकिन ह्या दोघांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. दोघांचा बी. एम्. आय्. सारखाच, २२.३. शरीरांतील चरबी मोजली तर युडकिन ह्यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिक ह्यांची शेंकडा २१.२. लक्षांत घ्या : हा आकडा आणि माझ्या मावसभावाचा आकडा ह्यांत दशांश एकाचा फरक आहे. ज्या वर्षीं तो केंद्राच्या काट्यावर चढला त्याच्या कितीतरी आधीं हें छायाचित्र प्रसिद्ध झालेलें होतें. आणि तें काम ह्याच महाराष्ट्रांत झालेलें होतें. आमच्या गांवच्या शोधाची दखल परदेशांतल्या पाठ्यपुस्तकांनीं घ्यावी, आणि आमच्याच तपासणी-केंद्रांनीं १९७२ च्या सूत्रावर शिक्के मारीत बसावें, ह्याला काय म्हणावें?

ह्या शोधाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो घराघरांत पोंचला पाहिजे. ढेरी म्हणजे आळस, ढेरी म्हणजे खादाडपणा, असा जो निवाडा आपण हंसत हंसत देतों तो अर्धवट आहे. इंग्लंडांत डेव्हिड बार्कर ह्यांनीं हर्टफर्डशायरमधील जुन्या सुइणींच्या नोंदी धुंडाळून १९८९ सालीं दाखविलें कीं, जे पुरुष जन्मतः व पहिल्या वर्षीं वजनानें कमी होते तेच पुढें हृदयविकारानें जास्त मेले. उंचीचाही असाच संबंध आहे : ठेंगण्या माणसांना हृदयविकार अधिक, हें जुनें निरीक्षण, आणि त्यांत आनुवंशिकतेचाही वांटा असल्याचें २०१५ सालीं सिद्ध झालें. म्हणजे कमरेवर जें दिसतें त्याचा कांहीं हिशेब गर्भांत सुरू झालेला असतो. आईच्या ताटांत काय पडलें, आजीच्या ताटांत काय पडलें, ह्याची ती थकबाकी आहे. घरांतल्या सुनेनें सर्वांच्या मागून उरलेलें खावें ही रीत ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या चालविली, त्यांच्या नातवांच्या हृदयांत ती रीत आज उगवते आहे. माप घ्यावयाचें तें हिणविण्यासाठीं नव्हे.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. मापांचें नांव काढतांच नाक मुरडणारा एक वर्ग आहे, आणि त्याच्या नाक मुरडण्यास आधार आहे. नाकच! हर्बर्ट रिस्ले नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें गेल्या शतकापूर्वीं आमच्या लोकांच्या नाकांचीं लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता नाकाच्या प्रमाणावरून सिद्ध करूं पाहिली. १८९१ सालीं त्याचीं पुस्तकें निघालीं, १९०१ च्या खानेसुमारीचा तो प्रमुख झाला. आणि त्याचा डोलारा किती पोकळ होता हें मुंबई विद्यापीठांतील गो. स. घुर्ये ह्यांनीं १९३२ सालीं आकडेवारीनेंच दाखवून दिलें. तेव्हां, टेप घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला हेतु विचारावा, हें रास्त आहे. पण रिस्ले पडला तो मापें घेतल्यामुळें नव्हे; मापें जें सांगत नव्हतीं तें त्यानें त्यांच्या तोंडीं घातलें, म्हणून पडला. 'वजन योग्य' असें छापणारा कारकून, आपल्या परीनें, तेंच करीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे आणि मला त्याचीच जास्त भीति वाटते, कारण तो खोटा नाहीं. २०११ सालीं ५८ अभ्यासांतील दोन लक्ष एकवीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून असें दाखविण्यांत आलें कीं, ज्याचा रक्तदाब, मधुमेहाचा इतिहास व रक्तांतील मेद आधींच ठाऊक आहेत त्याच्या धोक्याचा अंदाज बांधतांना बी. एम्. आय्., कमरेचा घेर किंवा कंबर-नितंबांचें प्रमाण ह्यांपैकीं कोणत्याही मापानें विशेष भर पडत नाहीं. गोटेबर्गच्या अभ्यासांतही तंबाखू, रक्तदाब व कोलेस्टेरॉल हिशेबांत घेतल्यावर कमरेचें स्वतंत्र महत्त्व उरलें नव्हतें, हें मींच कबूल केलें पाहिजे. मग कंबर मोजावी कशाला, सरळ रक्तच तपासावें, असें हे पंडित विचारतात.

माझें उत्तर असें. 'आधींच ठाऊक आहेत' हे तीन शब्द पंडितांनीं सहज उच्चारले. आमच्या घरांत ते तीन शब्द म्हणजेच सारी अडचण आहे. ज्याचें रक्त तपासलें त्याला टेपेची गरज थोडी, हें मान्य. पण ज्यानें रक्त तपासूं दिलेंच नाहीं त्याचें काय? चोर घरांत शिरल्यावर काय नेलें ह्याची यादी करितांना भुंकलेल्या कुत्र्याची साक्ष निरुपयोगी असते, म्हणून कुत्रा ठेवूंच नये काय? कंबर वाढते म्हणूनच साखर चढते, रक्तदाब चढतो. कारणाचें काम परिणामांनीं आपल्याकडे घेतलें म्हणून हिशेबांत कारणाची बाजू रिकामी दिसते. माझ्या मावसभावानें रक्तपरीक्षा कां टाळली? वजन 'योग्य' होतें म्हणून. त्याच कागदावर 'कंबर ९४ सेंटिमीटर, मर्यादेबाहेर' एवढी एक ओळ असती, तर त्यानें कदाचित् बाह्या सरसावून हात पुढें केला असता. मी 'कदाचित्' म्हणतों. त्यापुढें जाण्याचा मला अधिकार नाहीं. पण केंद्राला तर तेवढें म्हणण्याचीही तसदी घ्यावीशी वाटली नाहीं.

बी. एम्. आय्. अगदींच टाकाऊ आहे असेंही मी म्हणत नाहीं. सबंध जिल्ह्याची स्थिति पाहणें, कुपोषण ओळखणें, एकाच माणसाचें वजन वर्षानुवर्षें कोणीकडे चाललें आहे हें पाहणें, ह्या कामीं तें उपयोगीच आहे; आणि ज्याचा आकडा ३५ च्या पुढें गेला त्याला टेपेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. माझा आक्षेप मधल्या पट्ट्याविषयीं आहे, आणि आपण बहुतेक सारे तेथेंच राहतों. हा आक्षेप आतां माझा एकट्याचाही राहिला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकन वैद्यक संघटनेनें ह्या मापाच्या मर्यादा ठरावानें मान्य केल्या. जानेवारी २०२५ मध्यें लॅन्सेटनें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें सांगितलें कीं, एका व्यक्तीचा लठ्ठपणा केवळ बी. एम्. आय्. वरून ठरवूं नये, कमरेसारखें दुसरें माप किंवा चरबीचें प्रत्यक्ष मोजमाप जोडीला असावें. गोऱ्यांनीं सांगितलें म्हणजे तरी आमच्या कचेऱ्या ऐकतील, अशी आशा करूं.

स्त्रियांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून लेखणी खालीं ठेवतां येत नाहीं. पुरुषाची पँट निदान तक्रार करिते. परकराचा नाडा मुकाट्यानें सैल होतो, आणि नऊवारी असो वा पांचवारी, लुगड्याच्या निऱ्या सर्व कांहीं पोटांत घालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनें २०१९ ते २०२१ ह्या काळांतल्या आपल्या पांचव्या फेरींत पहिल्यानेंच कंबर मोजली. बी. एम्. आय्. प्रमाणें १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांत सुमारें २४ जणींचें वजन अधिक. कमरेप्रमाणें पाहिलें तर शंभरांत सुमारें ४० जणी मर्यादेबाहेर. मधल्या सोळा जणी कोणाच्या? आपल्याच घरांतल्या. त्यांचें दुखणें 'बाळंतपणानंतर पोट सुटतेंच' ह्या वाक्याखालीं झांकलें जातें, आणि छातींत दुखूं लागलें तर 'पित्त झालें असेल' म्हणून सोडा-लिंबू दिलें जातें. वहिनींची तपासणी करविली का, असें मीं मावसभावाच्या घरीं विचारलें तेव्हां सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. त्याला काय होईल ह्या चिंतेंत त्या घरांत दुसरें कोणी मोजण्याजोगें आहे हेंच कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

मोजावयाचें कसें, ह्याबद्दलही वाद आहेत. एक पक्ष सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कांठ ह्यांच्या मधोमध टेप धरतो, दुसरा त्या हाडाच्या अगदीं कांठावर. घरच्या घरीं पहिली रीत सोपी. कपड्यावरून नव्हे, अंगावर. टेप जमिनीला समांतर. श्वास सहज सोडल्यावर. पोट आंत न ओढतां. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. आंकडे लक्षांत राहत नसतील त्यांच्यासाठीं इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसंस्थेनें २०२२ सालीं पुरस्कारिलेला ठोकताळा आहे : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ह्यासाठीं इंच लागत नाहींत कीं सेंटिमीटर. सुतळीनें उंची मोजावी, सुतळी दुमडावी आणि ती कमरेभोंवतीं पुरते का पहावें. माझ्या मावसभावाची उंची ६६ इंच, निम्मी ३३. त्याच्या सुतळीला चार इंच कमी पडले असते. हा प्रयोग मीं गेल्या महिन्यांत मावशीकडे सर्वांसमक्ष केला. माझी स्वतःची सुतळी दीड बोट कमी पडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उपाशीपोटीं रक्त देऊन आलों.